युरेनियम आहे हो, पण कणगी कुणाची?

"अणुऊर्जा म्हणजे ऊर्जेचं स्वातंत्र्य!" हे वाक्य गेल्या काही महिन्यांत इतक्यांदा कानावर आलं की आता गप्प बसवत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत अर्थसंकल्पात जाहीर झालं की २०४७ पर्यंत देशात १०० गिगावॉट, म्हणजे एक लाख मेगावॉट अणुवीज उभी करायची. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेनं 'शांती' नावाचा कायदा केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अपघात-भरपाईचा कायदा, दोन्ही निकालात काढले आणि खाजगी कंपन्यांना दार उघडून दिलं. तेव्हापासून आमच्या घराण्याच्या ग्रुपवर दोन तट पडले आहेत.

पहिल्या तटाचा म्होरक्या आमचा पुण्याचा भाचा. त्याचं म्हणणं, "मामा, आता अरबांच्या तेलाची आणि कोळशाच्या धुराची कटकट संपली. अणू आपला, वीज आपली." दुसऱ्या तटाची पुढारी न्यू जर्सीतली पुतणी. ती म्हणते, "काका, युरेनियम पन्नास वर्षांत संपणार आहे. जी वस्तू संपणारच आहे तिच्यामागे लाखो कोटी का घालवायचे?"

मला दोघंही पोटच्या पोरांसारखी. तरी स्पष्ट सांगतो, दोघांचाही पेपर मी नापास केला असता. मी काही अणुशास्त्रज्ञ नव्हे. मराठी माध्यमातला बी.ए., सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांत जन्मभर इतिहास-भूगोल शिकवलेला मास्तर. पण या प्रश्नाला शास्त्रज्ञ लागतच नाही. त्रैराशिक आलं पाहिजे, नकाशा वाचता आला पाहिजे आणि पन्नास-साठ वर्षांचा इतिहास आठवला पाहिजे. एवढ्या भांडवलावर लिहितो आहे.

आधी 'संपणार' वाल्यांचं बघू.

जगातल्या सरकारांनी मिळून केलेल्या मोजदादीत, किलोला १३० डॉलरपर्यंत खर्च करून काढता येईल असं युरेनियम २०२१ मध्ये सुमारे ६१ लाख टन धरलं होतं. जगातल्या अणुभट्ट्यांना वर्षाला लागतं अंदाजे ६५ हजार टन. भागाकार करा, नव्वदएक वर्षं येतात. म्हणजे पन्नास नव्हे, नव्वद. पण माझा आक्षेप उत्तरावर नाही, गणितावरच आहे. हा भागाकार करायचाच नसतो! कणगीतलं धान्य मोजून त्याला रोजच्या खर्चानं भागता येतं. खाणीतला साठा हा कणगीतलं धान्य नव्हे. तो जतच्या किंवा आटपाडीच्या बोअरच्या पाण्यासारखा असतो. तुम्ही किती खोल जाणार आणि त्यासाठी किती पैसे ओतणार, यावर 'पाणी आहे की नाही' ते ठरतं. दोनशे फुटांवर कोरडं गेलेलं बोअर सहाशे फुटांवर लागतं, फक्त माणसाची ऐपत लागते. वरच्या वाक्यातले "१३० डॉलरपर्यंत" हे शब्द म्हणूनच महत्त्वाचे आहेत. भाव वाढला की काल जो निव्वळ दगड होता तो आज साठा होतो. भाव पडला की काल जो साठा होता तो आज दगड होतो.

आणि हा भाव कसा नाचतो बघा. २००७ च्या उन्हाळ्यात युरेनियमचा बाजारभाव पौंडाला १३० डॉलरच्या वर गेला होता. आदल्या वर्षी कॅनडातल्या सिगार लेक या बांधकाम चालू असलेल्या खाणीत पाणी घुसलं, त्याचाही त्यात हात होता. पुढे २०११ मध्ये फुकुशिमा झालं, जपाननं भट्ट्या बंद केल्या, आणि २०१६ अखेरीस तोच भाव २० डॉलरच्या खाली आला. कॅनडानं मॅकआर्थर रिव्हर ही आपली भलीमोठी खाण २०१८ मध्ये बंद ठेवली, कारण काढून विकण्यापेक्षा जमिनीत ठेवणं परवडत होतं! २०२४ च्या जानेवारीत भाव पुन्हा शंभरच्या पलीकडे. आमच्याकडे कांद्याचं किंवा हळदीचं जे होतं तेच. फरक एवढाच, की भाव आला म्हणून हळद पुढच्या हंगामात लावता येते. युरेनियमची नवी खाण शोधापासून उत्पादनापर्यंत यायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात.

आणखी एक गंमत. २०२२ साली जगातल्या सगळ्या खाणींनी मिळून काढलं ४९ हजार टनांच्या थोडं वर, आणि लागत होतं ६५ हजारांच्या आसपास. उरलेलं आलं कुठून? जुन्या साठ्यांतून. कितीतरी वर्षं जग असंच चाललं आहे. १९९३ ते २०१३ या वीस वर्षांत तर रशियाच्या सुमारे वीस हजार अण्वस्त्रांतलं ५०० टन युरेनियम पातळ करून अमेरिकेच्या वीजभट्ट्यांत जाळलं गेलं. शहरं बेचिराख करायला केलेल्या मालावर अमेरिकेतल्या घरांचे फ्रीज चालले. ही विसाव्या शतकातली एक चांगली बातमी, पण ती एकदाच मिळणारी होती. ती पुंजी संपली. २०२४ पर्यंत खाणींचं उत्पादन ६० हजार टनांच्या आसपास चढलं खरं, पण चीन, भारत आणि इतरांच्या नव्या भट्ट्यांची रांग लांब आहे.

तेव्हा पुतणीला उत्तर असं, की बाई गं, युरेनियम संपत नाही. तुझ्या नातवंडांच्या काळातही ते असेल. प्रश्न 'किती आहे' हा नाही. कणगी कुणाच्या घरात आहे, हा आहे.

आता भाच्याकडे वळतो, कारण खरा वाद त्याच्याशीच आहे.

"अणू आपला." बरं. २०२२ मध्ये जगात निघालेल्या युरेनियमपैकी एकट्या कझाकस्तानचा वाटा ४३ टक्के. कॅनडाचा १५, नामिबियाचा ११. म्हणजे या तिघांनी मिळून दोन-तृतीयांशाहून जास्त. ऑस्ट्रेलियाच्या पोटात जगातला २८ टक्के साठा आहे, पण उत्पादनात वाटा ९ टक्क्यांच्या आसपास, कारण तिथं सगळीकडे खाण काढू देत नाहीत. आणि भारत? सुमारे ६०० टन. शंभरात एक-सव्वा. खनिज तेल निदान डझनभर देशांकडून घेता येतं. इथं मोठे दुकानदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आपल्याकडे युरेनियम नाही असं नाही. देशात चार लाख टनांच्या वर ते शोधून ठेवलेलं आहे आणि भाचा हा आकडा माझ्या तोंडावर फेकणार हे मला ठाऊक आहे. पण मास्तर म्हणून एक शेकडेवारीचं गणित घालतो. झारखंडच्या जादुगुडा पट्ट्यात किंवा आंध्रच्या तुम्मलपल्लीत खनिजात युरेनियमचं प्रमाण साधारण ०.०४ ते ०.०६ टक्के. म्हणजे एक टन दगड खणा, फोडा, दळा, आम्लात किंवा क्षारात भिजवा. हाती येतं अर्धा किलोच्या आसपास. उरलेला जवळजवळ सगळा टन गाळ होऊन तलावात साठतो. कॅनडाच्या सिगार लेकमध्ये हेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास. तिथं एका टनाला दीडशे किलो! आपल्या सातारा-सांगलीच्या काळ्या कातळात तर युरेनियम नावालाच. जवळ शोधायचं तर सीमेपलीकडे जावं लागतं. बेळगाव जिल्ह्यात देशनूरला शोध झाला, आणि जत ओलांडून विजापूरच्या पुढे यादगीर जिल्ह्यात भीमेच्या खोऱ्यात गोगीला साठा सापडला. गोगीच्या लोकांनी खाणीला विरोध केला. मेघालयात डोमियासियाटला एका खासी आजीबाईंनी आपली जमीन द्यायचं शेवटपर्यंत नाकारलं. नल्लमलाच्या जंगलातल्या खाणीविरुद्ध २०१९ मध्ये तेलंगणाच्या विधानसभेनंच ठराव केला. जमिनीखालचं युरेनियम देशाचं असलं, तरी वरची जमीन कुणाची तरी असते.

आता इतिहासाच्या तासाला बसा. लांब कशाला, आपल्या महाराष्ट्रातलं तारापूरच घेऊ.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकन बनावटीच्या. १९६९ च्या ऑक्टोबरात त्यांची वीज सुरू झाली. या भट्ट्यांना साधं युरेनियम चालत नाही, 'समृद्ध' केलेलं लागतं. त्यासाठी १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला होता: तीस वर्षं इंधन आम्ही देऊ. कागद पक्का, सह्या पक्क्या. १९७४ मध्ये पोखरणला पहिला स्फोट झाला. अमेरिका नाराज. १९७८ मध्ये तिनं स्वतःच्या देशात नवा कायदा केला आणि जुन्या कराराच्या डोक्यावर तो बसवला. १९८० मध्ये कार्टरसाहेबांनी इंधनाची एक खेप सोडायची म्हटली, तर त्यांच्या सिनेटमध्ये मतदान ४८ विरुद्ध ४६! ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, एका वीजकेंद्राची चूल पेटणार की नाही ते सात समुद्रांपलीकडच्या दोन मतांनी ठरलं. पुढे अमेरिकेनं हात झटकले आणि फ्रान्सच्या गळ्यात ते काम गेलं. १९९३ मध्ये करार संपला, फ्रान्सही बाजूला झाला. मग नव्वदच्या दशकात इंधन कुणी दिलं असेल? चीननं! त्यानंतर २००१ मध्ये रशियानं. एका भट्टीच्या चुलीसाठी तीस-पस्तीस वर्षांत चार दारं.

मी इथं अमेरिकेला शिव्या घालायला बसलेलो नाही. त्यांनी त्यांचं हित पाहिलं. प्रत्येक देश तेच करतो, आपणही करावं. माझं म्हणणं एवढंच, की जो देश या अनुभवातून गेला आहे त्यानं पुन्हा "परदेशी इंधनावरचं ऊर्जास्वातंत्र्य" असले शब्द तोंडात घेऊ नयेत.

"ते जुनं झालं मामा, २००८ नंतर सगळं बदललं." बदललं, मान्य. २००८ च्या आधीची दोन-तीन वर्षं आपल्या भट्ट्यांना युरेनियम पुरेना. असलेल्या भट्ट्या निम्म्या ताकदीवर चालवाव्या लागल्या. आठवतं ना तेव्हाचं भारनियमन? सप्टेंबर २००८ मध्ये पुरवठादार देशांच्या गटानं भारताला सूट दिली. मग फ्रान्स, रशिया, कझाकस्तानकडून माल येऊ लागला. २०१५ मध्ये कॅनडाशी पाच वर्षांचा करार झाला, पुढे उझबेकिस्तानशीही. भट्ट्या पुन्हा जोरात चालल्या. हे यश आहे, ते नाकारणारा मी करंटा नाही. पण त्याचं नाव नीट घ्या. हे 'खरेदी करायची परवानगी मिळणं' आहे. खरेदीची परवानगी आणि स्वातंत्र्य यांत जो फरक आहे तो रेशनकार्ड आणि सातबारा यांतला फरक आहे.

आणि हे दुकानदार तरी किती भरवशाचे? कझाकस्तानला समुद्र नाही. त्याचा माल वर्षानुवर्षं रशियातून बाहेर पडत आला. २०२४ मध्ये सल्फ्युरिक आम्ल पुरेसं मिळेना म्हणून त्यांच्या सरकारी कंपनीला उत्पादनाचा अंदाज खाली आणावा लागला. नायजरमध्ये जुलै २०२३ ला लष्करानं सत्ता घेतली आणि जून २०२५ मध्ये फ्रेंच कंपनी चालवत होती ती युरेनियमची खाण राष्ट्रीय मालकीची करून टाकली. समृद्ध करण्याच्या कामात तर जगातली चाळीस टक्क्यांहून जास्त क्षमता एकट्या रशियाकडे. २०२४ मध्ये अमेरिकेनं रशियाचं समृद्ध युरेनियम आयात करायला बंदी घातली, आणि तरी २०२७ पर्यंत सवलतीची खिडकी उघडी ठेवली, कारण त्यांच्याच भट्ट्या अडल्या असत्या! अमेरिकेची ही कथा, तर आपली काय?

आता जैतापूर. हा विषय सातारा-सांगलीच्या माणसानं टाळू नये असं मला वाटतं, आणि का ते सांगतो.

राजापूर तालुक्यात माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे, वरिलवाडा या गावांची ९३८ हेक्टर जमीन. तिथं १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणाची परवानगी मिळाली, डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांच्या भेटीत करार झाला. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे इथं आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला, एक मच्छीमार तरुण गेला. त्या दिवशी राज्याचे मुख्यमंत्री होते कराडचे पृथ्वीराज चव्हाण. २००८ च्या अणुकराराच्या वेळी ते पंतप्रधान कार्यालयात राज्यमंत्री होते. आणि गृहमंत्री होते तासगावच्या अंजनीचे आर. आर. पाटील. एक सातारचा, एक सांगलीचा. दोघांच्या हेतूवर मला शंका घ्यायची नाही. आबा तर आता हयातही नाहीत. पण जैतापूरची वीज कोकणासाठी नव्हती, घाटावरच्या आणि मुंबईच्या तुमच्याआमच्यासाठी होती. गोळी चालली ती आपल्या माणसांच्या कारकिर्दीत. म्हणून हा प्रश्न 'कोकणवाल्यांचा' म्हणून झटकता येत नाही.

त्या काळात मी जैतापूरवर हाताला लागेल ते वाचलं. भूकंप, मासेमारी, हापूस, भरपाई, किरणोत्सर्ग, फ्रेंच भट्टीची किंमत, सगळ्यावर लेख होते. इंधनावर मात्र एखादं ओझरतं वाक्य. समर्थकांना वाटे, ते काय, मिळेलच. विरोधकांना वाटे, भट्टीच नको तर इंधनाचा काय विचार. आता मी त्रैराशिक मांडतो. अशा प्रकारच्या भट्ट्यांना हजार मेगावॉटला वर्षाला दीडशे-दोनशे टन नैसर्गिक युरेनियम लागतं, हा सर्वमान्य ठोकताळा. ९९०० मेगावॉटला दीड ते दोन हजार टन. देशातल्या सगळ्या खाणी मिळून काढतात सहाशे! म्हणजे एकट्या जैतापूरला भारताच्या अख्ख्या उत्पादनाच्या अडीच-तीन पट. आणि ते नुसतं आणून भागत नाही, समृद्ध करून, त्या भट्टीच्या मापाच्या कांड्या बनवून आणायचं. साठ वर्षं चालणाऱ्या भट्टीचं हे साठ वर्षांचं बांधलेपण. २०२१ मध्ये फ्रेंच कंपनीनं तपशीलवार प्रस्ताव दिला. २०२५ संपेपर्यंत अंतिम करार झालेला नव्हता. याचा अर्थ विचारायला अजून वेळ आहे.

तेच त्रैराशिक १०० गिगावॉटला लावा. २०२५ च्या अखेरीस देशाची अणुवीज-क्षमता नऊ हजार मेगावॉटच्या आतच होती. ती लाखावर नेली तर वर्षाला पंधरा ते वीस हजार टन युरेनियम लागेल. २०२२ साली सगळ्या जगात निघालेल्या युरेनियमच्या तिसऱ्या हिश्श्यापासून चाळीस टक्क्यांपर्यंत! ते कोण देणार, चीनशी बोली लावून कोण आणणार, हे उद्दिष्ट टाळ्यांत जाहीर करणाऱ्यांनी सांगायला नको?

"थोरियम!" असा गजर आता होईल. भाभांची तीन टप्प्यांची योजना मी वर्गात अभिमानानं सांगितली आहे आणि आजही तिला नमस्कार करतो. पण दुसऱ्या टप्प्याची कल्पाक्कमची भट्टी २००४ मध्ये बांधायला घेतली, ती २०१० ला सुरू व्हायची होती. मार्च २०२४ मध्ये इंधनभरणीचा समारंभ झाला. थोरियम तिसऱ्या टप्प्यात. नातवाच्या मुंजीत पणतवाच्या लग्नाचा मांडव घालण्यात अर्थ नाही.

कुणी म्हणेल, सौर पॅनेलही चीनची आणि पवनचक्कीची यंत्रंही परकी, मग त्यांना का सोडता? सोडत नाही. पण चाळकेवाडीच्या पठारावरची पवनचक्की एकदा उभी राहिली की वारा अडवणारं सिनेट कुठं नाही. यंत्राचं परावलंबन खरेदीच्या दिवशी संपतं, इंधनाचं दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

अणूच्या बाजूनं एक मुद्दा मात्र मनापासून मान्य करायला हवा. हजार मेगावॉटच्या औष्णिक केंद्राला रोज बारा-पंधरा हजार टन कोळसा लागतो, तो वर्षभराचा साठवता येत नाही. तेवढ्याच अणुभट्टीचं वर्षाचं तयार इंधन पंचवीस-तीस टन. ते एखाद्या मोठ्या शेडमध्ये मावतं. शिवाय वीजदरात युरेनियमच्या किमतीचा वाटा थोडा, त्यामुळे भाव दुप्पट झाला तरी बिल दुप्पट होत नाही. याचा अर्थ धोका महागाईचा नाही, तुटवड्याचा आहे. आणि तुटवड्यावर इलाज आहे, साठा. अमेरिकेशी झालेल्या करारातसुद्धा भट्टीच्या आयुष्यभराला पुरेल असा साठा करायच्या प्रयत्नाला पाठिंब्याचं कलम आहे. मग तो साठा किती आहे, किती असायला हवा, यावर जाहीर बोलायला काय हरकत?

इथंच मला आपल्या दोन जिल्ह्यांचं नवल वाटतं. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, हे आमच्याकडे शेंबडं पोर सांगतं. पश्चिमेकडे विजेसाठी ६७.५ टीएमसी, उरलेलं पूर्वेला, हा हिशोब चहाच्या टपरीवर चालतो. मार्च उजाडला की पेपरात रोज आकडा. वीज की शेती यावरून भांडणं. ताकारी, टेंभू, म्हैसाळचे पंप बिल थकलं म्हणून बंद पडले की मोर्चे. १९६० मेगावॉटच्या कोयनेचं इंधन म्हणजे पाऊस. तो आपल्याच डोंगरात पडतो, फुकट पडतो, आणि तरी आपण त्याचा थेंबन् थेंब मोजतो. आणि पाचपट मोठ्या जैतापूरचं इंधन, जे कुठल्या देशातून, कुणाच्या परवानगीनं, किती वर्षं येणार ते धड ठाऊक नाही, त्याबद्दल एक प्रश्न नाही?

कोयनेनं आपल्याला दुसराही धडा दिला आहे. वीज सगळ्यांची झाली, घरं पाण्याखाली गेली ती शिवसागरच्या काठच्या थोड्यांची. त्यांची तिसरी पिढी अजून पुनर्वसनाच्या फायली घेऊन हिंडते. युरेनियमच्या बाबतीत ती 'थोडी' माणसं जादुगुड्याची आहेत. संथाळ, हो आणि इतर आदिवासी. १९६७ मध्ये सरकारी युरेनियम कंपनी स्थापन झाली तेव्हापासून देशाच्या अणूचा गाळ त्यांच्या गावांशेजारी साठतो आहे. डिसेंबर २००६ मध्ये गाळ वाहून नेणारी नळी फुटून तो ओढ्यात गेला. तिथल्या आजारांवर तट पडलेले आहेत: अधिकारी म्हणतात खाणीचा संबंध नाही, गावकरी आपली मुलं दाखवतात. श्रीप्रकाश यांचा 'बुद्ध वीप्स इन जादुगोडा' हा माहितीपट १९९९ चा आहे. तो वाद इतकी वर्षं मिटत नाही, कारण मोजणारा आणि खाण चालवणारा एकाच छपराखाली बसतो असं लोकांना वाटतं. पेपर लिहिणाऱ्यानंच तो तपासायचा नसतो, हे आम्ही सातवीच्या पोरांना सांगत होतो.

तर नुसती टीका करून थांबत नाही. मागण्या लिहितो, चारच आहेत.

एक. परदेशी भट्टीचा कुठलाही करार सही होण्याआधी त्या भट्टीच्या इंधनाचा तक्ता लोकांपुढे ठेवा. माल कुठल्या देशाचा, समृद्ध कोण करणार, कांड्या कोण बनवणार, करार किती वर्षांचा आणि तो मोडला तर पर्याय कोणता. भाव गुप्त ठेवा हवं तर, बाकी नको.

दोन. आयात इंधनावरच्या प्रत्येक भट्टीसाठी निदान पाच वर्षांचं इंधन देशात, आपल्या कुलपात असलंच पाहिजे, असं कायद्यात लिहा. 'शांती' कायद्यात खाजगी मालकांना आणलंच आहे, तर ही अट त्यांच्यावरही घाला. एरवी इंधन संपल्याच्या दिवशी मालक हात वर करून मोकळा होईल.

तीन. पहिला मान आपल्या ७०० मेगावॉटच्या भट्ट्यांना द्या. काक्रापारला आणि राजस्थानात त्या चालून दाखवल्या आहेत. त्यांना नैसर्गिक युरेनियम चालतं, समृद्ध करणाऱ्याच्या दारात जावं लागत नाही, आणि अडचणीत आपल्या खाणींचा थोडाफार आधार उरतो. ज्या भट्टीची चूल फक्त परक्याच्या लाकडावर पेटते ती सगळ्यात शेवटी घ्या.

चार. खाणीच्या गावांची आरोग्यतपासणी खाण कंपनीशी आणि अणुखात्याशी संबंध नसलेल्या लोकांकडून करा, आणि निकाल संथाळीत, हिंदीत, तेलुगूत गावच्या चावडीवर लावा. या कामाचा खर्च विजेच्या युनिटवर काही पैसे लावून घ्या. माझ्या बिलात ते आले तर मी कुरकुर करणार नाही.

यातली एकही मागणी अणुविरोधी नाही, हे भाच्यानं नीट वाचावं. आणि यातली एकही मागणी "युरेनियम संपणार" या भीतीवर उभी नाही, हे पुतणीनं वाचावं. अणुवीज घ्यायची तर घ्या. पण कोयनेच्या पाण्याचा जो हिशोब आपण मागतो तोच युरेनियमचा मागा. खासदार-आमदार दारात आले की रस्ता आणि समाजमंदिर मागून झाल्यावर एक प्रश्न विचारा: साहेब, जैतापूरचं इंधन कुठून येणार, आणि ते नाही आलं तर किती वर्षांचं शिल्लक असेल? उत्तर नाही मिळालं तर "ऊर्जास्वातंत्र्य" हा शब्द त्यांना परत करा.

प्रतिवाद जरूर करा. भाच्यानं तर करावाच, तो गप्प बसणाऱ्यांतला नाही. फक्त येताना आकडे घेऊन या. घोषणा माझ्याकडे भरपूर साठल्या आहेत.